दाहक संधिवात : निदान आणि उपचारांतील डिजिटल साधने

आमवात म्हणजेच रुमेटॉइड आर्थरायटिस, सोरायसिससोबत येणारा संधिवात आणि मणक्याचा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हे दाहक संधिवाताचे प्रमुख प्रकार. यांत शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. वयोमानाने होणाऱ्या झिजेशी त्यांची गल्लत होते आणि ती महागात पडते. लक्षणे दिसू लागल्यापासून तीन महिन्यांत आजार आवरणारे औषध सुरू व्हावे, असे युरोपातील संधिवाततज्ज्ञांची ‘यूलार’ ही संघटना सांगते. हाड एकदा कुरतडले गेले की सहसा भरून येत नाही.

हा आजार चढता-उतरता असतो. सकाळी तासभर मूठ वळत नाही आणि दुपारी हात मोकळे होतात. तपासणी मात्र तीन-चार महिन्यांतून एकदा. त्या दिवशी बरे वाटत असले, तर मधले वाईट आठवडे केसपेपरवर येतच नाहीत. डिजिटल साधनांचा खरा उपयोग या मधल्या काळासाठी आहे.

आजाराची तीव्रता मोजण्याची रूढ पद्धत ‘डास-२८’. खांदे, कोपरे, मनगटे, गुडघे आणि बोटांचे वीस असे अठ्ठावीस सांधे डॉक्टर दाबून पाहतात. दुखरे किती, सुजलेले किती, रक्तातील दाह दाखवणाऱ्या ईएसआर किंवा सीआरपी या चाचणीचा आकडा किती आणि रुग्णाला स्वतःला ० ते १०० मध्ये कसे वाटते, यांवरून आकडा निघतो. तो २.६ च्या खाली असला तर आजार शमलेला, ५.१ च्या वर असला तर तीव्र. सूत्रात वर्गमूळ आणि लॉगरिदम असल्याने हिशेब आता मोबाइलच करतो. घोटे आणि पावले मात्र या गणतीत नाहीत. ‘रॅपिड-३’ ही दुसरी मोजणी फक्त रुग्णाच्या उत्तरांवर चालते (० ते ३०, १२ च्या वर तीव्र), म्हणून ती घरून भरता येते. तिची मर्यादाही इथेच आहे: झिजेचे दुखणे किंवा फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखण्याचा आजार) असला तर सूज नसतानाही आकडा फुगतो.

डेन्मार्कमध्ये आमवात आटोक्यात असलेल्या २९४ रुग्णांवर चाचणी झाली. काहींना नेहमीप्रमाणे रुग्णालयात बोलावले. बाकीच्यांनी घरी प्रश्नावली भरली, रक्त तपासून घेतले आणि डॉक्टर किंवा परिचारिका त्यांच्याशी फोनवर बोलल्या. वर्षभरानंतर आजाराच्या तीव्रतेत फरक आढळला नाही. मँचेस्टरच्या ‘रेमोरा’ प्रकल्पात रुग्णाने मोबाइलवर रोज नोंदवलेली लक्षणे थेट रुग्णालयाच्या नोंदवहीत जातात, त्यामुळे डॉक्टरांसमोर आलेख उघडा असतो. हवामान बदलले की सांधे दुखतात, हे घरोघरी ऐकू येणारे बोलणेही मँचेस्टरच्याच संशोधकांनी मोबाइलद्वारे तपासले. त्यांनी २,६५८ जणांच्या नोंदी पाहिल्या, त्यांत बहुतेकांना कोणता ना कोणता संधिवात होता. २०१९ मध्ये निष्कर्ष आला : दमट, वाऱ्याच्या आणि कमी दाबाच्या दिवशी वेदना वाढतात, पण थोड्याच.

निदानात प्रगती मंद आहे. हातापायांच्या एक्स-रेवरून आमवाताने झालेली सांध्यांची हानी मोजणारे संगणकीय नमुने ‘आरए-टू ड्रीम’ स्पर्धेतून पुढे आले. डेन्मार्कचा ‘आर्थर’ हा रोबोट हाताची सोनोग्राफी स्वतः करतो. लक्षणे विचारून आजार सुचवणाऱ्या साधनांवर मात्र विसंबू नये. २०२१ च्या एका जर्मन अभ्यासात अशा दोन साधनांना दाहक आजार असलेल्यांपैकी साधारण निम्मेच ओळखता आले. सुजलेला सांधा बोटाखाली मऊ, स्पंजासारखा लागतो, आणि ते कळायला अजून तरी डॉक्टरांचा हातच लागतो.

प्रश्नांनी चाळणी आणि हाताने तपासणी, हीच विभागणी पुणे जिल्ह्यातील भिगवणला १९९६ पासून संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोपडा यांच्या पाहणीत कागदावर झाली होती. आधी प्रशिक्षित स्वयंसेवक घरोघरी प्रश्न विचारत, मग दुखणे सांगणाऱ्यांना संधिवाततज्ज्ञ तपासत. प्रौढांत आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का निघाले. शहरातल्या तज्ज्ञापर्यंत पोहोचण्यात ज्यांचा रोजगार बुडतो, त्यांच्यासाठी फोनवरची फेरतपासणी ही मोठी सोय आहे. भारतात २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी तिला स्पष्ट नियम मिळाले.

सर्वांत साधे साधन आठवणीचे. आमवातात मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि जीवही जाऊ शकतो. ठरलेल्या वारी वाजणारा मोबाइलचा गजर आणि रक्ततपासणीची तारीख सांगणारा संदेश यांना खर्च जवळजवळ नाही, तरीही प्रत्येक चिठ्ठीसोबत ते लावून दिले जात नाहीत.