ओढता येतं, पण पेलवतं का?

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, वाळवा तालुक्यातून टेक्ससला आले की त्यांचं लक्ष उंच इमारतींकडे जात नाही, गाड्यांच्या टायरकडे जातं. सगळा जन्म ऊस वाहण्यात गेला. आधी बैलगाडी, मग ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. एकदा दुकानाबाहेरच्या पार्किंगमध्ये ते एका पिकअप ट्रकपाशी थबकले. ट्रकच्या मागच्या चाकांवरचे पत्रे गाल फुगवल्यासारखे बाहेर आलेले, आणि खाली प्रत्येक बाजूला दोन-दोन टायर. अण्णांनी हौद्यात डोकावून पाहिलं.

“जावईबापू, आत नुसता झाडू पडलाय. मग ह्याला मागं जोडटायर कशाला?”

अमेरिकेत या गाडीला ‘ड्युअली’ म्हणतात. जनरल मोटर्सनं १९७३ मध्ये जोडटायरचा पिकअप थेट कारखान्यातून विकायला सुरुवात केली. आज फोर्ड एफ-३५०, रॅम ३५०० किंवा शेवरले सिल्व्हरॅडो ३५०० घ्यायला गेलात तर विक्रेता विचारतोच: मागं एकेक टायर हवं की जोड? इंजिन बहुतेक वेळा तेच असतं. आमच्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांना याच प्रश्नानं महिनाभर छळलं होतं. नवरा-बायको आणि एक कुत्रा, सहा महिने देश हिंडायचा बेत, आणि त्यासाठी चाकांवरचं घर, म्हणजे मोठा कॅम्पर ट्रेलर. तो ओढायला ट्रक कोणता घ्यायचा?

जाहिराती ओढण्याचा आकडा मिरवतात. फोर्डचा एफ-४५० पिकअप फक्त जोडटायरमध्येच मिळतो आणि त्याचा कमाल आकडा ४०,००० पौंड, म्हणजे १८ टनांवर जातो. ऐकायला जबरदस्त वाटतं, पण ओढणं हे काम तितकंसं अवघड नसतं. सपाट डांबरी रस्त्यावर चाकांचा विरोध वजनाच्या साधारण एक टक्का असतो. सात टनांचा ट्रेलर संथ चालीनं ओढायला सत्तर किलोचं पोतं उचलण्याइतका जोर पुरतो. वेग वाढला की हवेचा विरोध येतो, चढ लागला की गुरुत्वाकर्षण भाडं वसूल करतं, तरीही आजच्या डिझेल इंजिनांना ते झेपतं. ट्रक कमी पडतो तो पाठीवर वजन घेताना.

ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसतं. काही भाग पुढच्या गाडीच्या डोक्यावर येतोच. अण्णांना हे समजावून सांगावं लागलं नाही. बैलगाडीत माल मागं जास्त भरला की जू वर उचललं जातं, गाडी उलाळ होते. पुढं जास्त भरला की बैलांच्या माना दबतात. सांगली जिल्ह्यातल्याच राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये ऊसगाडीच्या जुवाखाली एक जादा चाक बसवून बैलांच्या मानेवरचा हा भार कमी करायचा प्रयोग केला होता. अमेरिकेतला पिकअप ट्रक आणि आपली खिलारी जोडी यांची अडचण या बाबतीत एकच आहे.

ट्रकच्या मागच्या बंपरखाली गोळा असतो, त्यावर ट्रेलरचा साचा बसतो. अशा जोडणीत ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग गोळ्यावर यावा लागतो. कमी आला तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, आणि वेग वाढेल तसं ते हलणं आवरेनासं होतं. मोठ्या कॅम्परची जोडणी वेगळी असते. तिला ‘फिफ्थ व्हील’ म्हणतात, म्हणजे पाचवं चाक. पूर्वीच्या घोडागाड्यांत पुढचा आस वळवायला जी आडवी चकती असायची तिचं हे नाव. यात ट्रेलरची जाड पिन हौद्यातल्या चकतीत, जवळजवळ मागच्या आसाच्या डोक्यावरच बसते. इथं पिनेवर २० टक्क्यांच्या आसपास भार येतो, कधी २५.

शेजाऱ्यांनी पसंत केलेल्या ट्रेलरचं भरलेलं वजन सुमारे ७,२५० किलो. एकेरी टायरचा जो डिझेल ट्रक त्यांच्या मनात होता, तो यापेक्षा बराच जास्त भार ओढू शकतो असं माहितीपत्रकात छापलेलं होतं. मी त्यांना म्हटलं, पत्रक ठेवा बाजूला, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो: माणसं आणि सामान मिळून अमुक इतक्या वजनापेक्षा जास्त नको. त्या ट्रकच्या स्टिकरवर साधारण १,६८० किलो होते. त्यातून ९० किलोची जोडणीची चकती गेली, नवरा-बायको १५०, कुत्रा ३०, हत्यारांची पेटी ६०. उरले १,३५०. आणि पिनेचा भार, २० टक्के धरला तरी, १,४५०. म्हणजे एकही पातेलं न ठेवता ट्रक शंभर किलो जास्त भरलेला! तोच ट्रक जोडटायरमध्ये घेतला तर स्टिकरवर अडीच हजारांच्या आसपास आकडा येतो, आणि हिशेब आरामात बसतो.

हा फरक येतो कुठून? थोडा कमानपाट्यांतून, थोडा आसाच्या जाडीतून, आणि बराचसा टायरमधून. धाब्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही मालट्रकच्या टायरची बाजू पाहा. मापाच्या पुढं तिरकी रेघ देऊन दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १४६/१४३. हे भाराचे सांकेतिक क्रमांक. पहिला, टायर एकटं बसवलं तर. दुसरा, जोडीत बसवलं तर. १४६ म्हणजे ३,००० किलो आणि १४३ म्हणजे २,७२५ किलो. टायर तेच, तरी जोडीत त्याची क्षमता कमी धरायची, कारण जोडीतली दोन टायर कधीच निम्मं-निम्मं वजन उचलत नाहीत. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळं एकावर जास्त भार पडतो. एकात हवा थोडी कमी असली किंवा झीज जास्त असली की दुसरं त्याचा वाटा ओढून घेतं. शिवाय दोघांच्या मधल्या फटीत वारा नीट खेळत नाही, आणि उष्णतेइतका टायरचा वैरी दुसरा नाही.

पिकअपवर हेच गणित मांडू. एकेरी ट्रकला १२५/१२२ क्रमांकाची टायर असतील, तर एकेक टायर १,६५० किलो घेतं. दोन मिळून ३,३००. जोडटायरच्या ट्रकला लहान मापाची, १२१/११८ क्रमांकाची चार टायर असतात. जोडीतली क्षमता प्रत्येकी १,३२०, म्हणजे मिळून ५,२८०. शेजाऱ्यांच्या ट्रेलरखाली मागच्या आसावर ३,१०० किलोच्या आसपास भार आला असता. एकेरी टायर क्षमतेच्या चौऱ्याण्णव टक्क्यांवर, टेक्ससच्या ऑगस्टमधल्या तापलेल्या डांबरावर, तासाला शंभरच्या वेगानं. जोडटायर साठ टक्क्यांच्या आसपास. टायर फुटणार की नाही हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण त्यातलं कुठलं फुटायची शक्यता जास्त, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. आणि एखादं फुटलंच तर जोडीतलं दुसरं गाडी सावरून कडेला घ्यायला तेवढा अवधी देतं. लगेच थांबायचं मात्र, कारण त्या दुसऱ्यावर आता दुप्पट ओझं असतं.

चार टायर म्हणजे दुप्पट पकड, असा एक समज आहे. तो खरा नाही. टायर रस्त्याला जेवढ्या जागेवर टेकतं ती जागा ढोबळमानानं भार भागिले हवेचा दाब इतकी असते. दाब ८० पीएसआय, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला साधारण ५.६ किलो. १,६०० किलो पेलणारं टायर २८५ चौरस सेंटिमीटरवर टेकतं. ए-फोर कागदाच्या निम्म्याहूनही कमी. तोच भार दोन टायरांत वाटला तर प्रत्येकाची जागा निम्मी होते. बेरीज तीच! म्हणून रिकामी ड्युअली बर्फात आणि ओल्या गवतात हमखास फिरकी घेते. पाठीवर ओझं नाही, टायर जास्त, प्रत्येकावरचा भार नगण्य; टायर बर्फ कापून खाली रुतण्याऐवजी त्यावर तरंगत राहतं. मिनेसोटासारख्या ठिकाणी वर्षातून चार वेळाच ट्रेलर लावणारा माणूस ड्युअली घेतो तेव्हा मला त्याच्या हिवाळ्याची काळजी वाटते.

जोडीचा खरा फायदा आडव्या दिशेला आहे. कॅम्पर चार मीटर उंच, भिंतीसारखा सपाट. बाजूनं वारा आला किंवा अठराचाकी ट्रक जवळून गेला की तो ढकलला जातो आणि पिनेतून तो धक्का ट्रकच्या पाठीला बसतो. टायरचं रबर तेवढं आडवं वाकतं, आणि टायर नाकासमोर न जाता किंचित तिरकं चालू लागतं. चार टायरांनी धक्का वाटून घेतला तर हे तिरकं जाणं कमी होतं. बाहेरच्या टायरांमधलं अंतर जास्त असल्यानं डुलणंही कमी. एकेरी ट्रकचा चालक दिवसभर स्टिअरिंगवर बारीक-बारीक दुरुस्त्या करत राहतो; संध्याकाळी खांदे भरून येतात.

गोळ्याच्या जोडणीत आणखी एक भानगड आहे. गोळा मागच्या आसाच्या दीड-एक मीटर मागं असतो, त्यामुळं तिथला भार तरफेसारखं काम करतो. आसांमधलं अंतर चार मीटर, गोळा आसाच्या १.४ मीटर मागं, त्यावर ५०० किलो. मग मागच्या आसावर ६७५ किलो वाढतात आणि पुढच्यावरचे १७५ कमी होतात. पुढची चाकं हलकी झाली की वळवणं आणि ब्रेक दोन्ही कच्चे पडतात. यावर जोडटायर हा उपाय नव्हे. इथं भार पुढं वाटून देणाऱ्या पोलादी दांड्यांची जोडणी लागते. तसंच ट्रेलरमध्ये माल मागं कोंबल्यामुळं शेपटी हलत असेल तर ड्युअली ती फार तर थोडी दडपते. माल पुढं सरकवायला पैसे पडत नाहीत.

ओढण्याचे आकडे आपसांत ताडून पाहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेत ही क्षमता एसएई जे-२८०७ या मानकानुसार ठरवतात. त्यातली एक परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर होते: सुमारे १८ किलोमीटरचा सलग घाट, बाहेर ३८ अंश, एसी पूर्ण जोरात. एकेरी टायरच्या ट्रकचा वेग तासाला ६४ किलोमीटरच्या खाली येता कामा नये. जोडटायरवाल्याला ५६ पर्यंत सूट. शून्यापासून ९६ च्या वेगापर्यंत पोहोचायला पहिल्याला ३० सेकंद, दुसऱ्याला ३५. म्हणजे ड्युअलीचा मोठा आकडा थोड्या सोप्या पेपरातून आलेला असतो.

मग एकेरी घ्यावा कुणी? माझ्या मते, बहुतेकांनी. होडी, दोन घोड्यांचा ट्रेलर, तीन-चार टनांचा लहान कॅम्पर यांना जोडटायरची गरज नाही. ड्युअलीची मागची रुंदी २.४४ मीटर, एकेरीची २.०३. पार्किंगचा चौकोन २.६ ते २.७ मीटरचा असतो. दार उघडून उतरायला पोट आत घ्यावं लागतं. गाडी धुण्याच्या यंत्रात शिरत नाही, बँकेच्या खिडकीशी कठड्याला गाल घासतात, आणि टायर बदलायची वेळ आली की चार नव्हे, सहा. पण ट्रेलर सहा-सात टनांच्या पुढचा, पाचव्या चाकाचा आणि महिनोन् महिने मागं राहणार असेल, तर मी तरी दुसरा विचार करणार नाही.

जाता जाता रस्त्याची बाजूही सांगतो. रस्तेबांधणीची मानकं ठरवणाऱ्या आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या गणितात जोडटायरच्या आसावर ८० किलोन्यूटन, म्हणजे साधारण आठ टन, भार आला की एक एकक झीज धरतात. एकेरी टायरच्या आसावर ६५ लाच तेवढी झीज होते. आणि झीज भाराच्या चौथ्या घातानं वाढते. म्हणजे ८० चा तोच भार एकेरी टायरांवर टाकला तर रस्ता सव्वादोन पटींहून जास्त झिजतो. भारतात २०१८ पासून दोन टायरच्या आसाला ७ टन आणि चार टायरच्या आसाला ११.५ टनांची परवानगी आहे, त्यामागं हेही गणित आहे.

शेजाऱ्यांनी शेवटी जुनी ड्युअली घेतली. अण्णांना दाखवायला आवर्जून बोलावलं. भाषेचा प्रश्न होता, पण अण्णांनी माझ्या गॅरेजमधून चाकाचे नट खोलायची टॉमी आणली आणि एकेका टायरवर ठोकत फिरले. बाहेरची दोन्ही टण्ण वाजली. डावीकडच्या आतल्या टायरवर आवाज बसका आला.

“आतलं मऊ लागतंय.”

टायरमधली हवा उतरली की डॅशबोर्डवर दिवा लागायलाच हवा, असा अमेरिकेत नियम आहे. पण तो ४,५३६ किलोपर्यंतच्या गाड्यांना, आणि जोडटायरच्या आसाला त्यातून वगळलेलं आहे. दिवा नव्हताच. आतल्या टायरचा व्हॉल्व्ह बाहेरच्या रिमच्या भोकातून हात घालून शोधावा लागतो. शेजारी गुडघ्यांवर बसले, दोनदा बोटं खरचटली, तिसऱ्यांदा गेज बसला. बाहेरच्यात ६५ होते, आतल्यात ३८.