पहिलेपणाचा मान आणि प्रशिक्षकाचे कर्तृत्व : टीना स्लोन ग्रीन यांच्या कारकिर्दीचे दोन हिशेब

ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अधिवेशन मुंबईत भरले आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट खेळले जाणार ही बातमी आपल्याकडे घरोघरी पोचली. त्याच निर्णयाने लॅक्रोसलाही ऑलिम्पिकचे दार उघडले, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिली. काठीच्या टोकाला असलेल्या जाळीत चेंडू झेलायचा, तो झुलवत पळायचा आणि प्रतिस्पर्ध्यांच्या गोलात मारायचा, असा हा खेळ उत्तर अमेरिकेतील मूळनिवासी लोकांचा. अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला लॅक्रोसच्या इतिहासात फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातील प्रशिक्षक टीना स्लोन ग्रीन यांचे नाव आदराने घेतले जाते. मात्र त्यांच्याविषयी लिहिताना दोन गोष्टींची हमखास सरमिसळ होते. एक म्हणजे त्यांनी मागे ठेवलेला वारसा आणि दुसरी म्हणजे नॅशनल लॅक्रोस हॉल ऑफ फेममधील, म्हणजे या खेळातील थोरांच्या मानाच्या यादीतील, जागेवर त्यांचा असलेला हक्क. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांचे पुरावे वेगवेगळे आहेत.

वारशाची बाजू आधी पाहू, कारण तीच अधिक सांगितली जाते. फिलाडेल्फियात जन्मलेल्या स्लोन ग्रीन मुलींच्या एका नावाजलेल्या सरकारी शाळेत हॉकी खेळू लागल्या, वेस्ट चेस्टर येथील महाविद्यालयात लॅक्रोसकडे वळल्या आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या महिला राष्ट्रीय संघात आल्या. त्या संघातील त्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकी खेळाडू होत. पुढे टेंपलमध्ये संघाची सूत्रे हाती आल्यावर महिला महाविद्यालयीन लॅक्रोसमधील पहिल्या आफ्रिकी-अमेरिकी मुख्य प्रशिक्षक हा मानही त्यांच्याकडे आला. त्या काळी हा खेळ प्रामुख्याने बाल्टिमोर आणि फिलाडेल्फिया परिसरातील सुखवस्तू खासगी शाळांमध्ये रुजलेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या पहिलेपणाचे मोल कळते. ज्या मुलीच्या शाळेत लॅक्रोसची काठीच नव्हती, तिला या खेळात आपल्यालाही जागा आहे हे कोणाकडे तरी पाहून समजावे लागते, आणि स्लोन ग्रीन यांच्या रूपाने तशी व्यक्ती मैदानाच्या कडेला उभी होती.

हॉल ऑफ फेममधील हक्काचा विचार करताना मात्र हे सारे क्षणभर बाजूला ठेवावे लागते, आणि ते ठेवूनही त्यांची बाजू जराही लंगडी पडत नाही. १८ हंगामांत त्यांच्या संघाने २०७ सामने जिंकले, ६२ गमावले आणि ४ बरोबरीत सोडवले. म्हणजे दर चार सामन्यांतील तीन जिंकले. शिवाय तीन राष्ट्रीय विजेतेपदे आहेत, आणि गोंधळ होतो तो नेमका या तिनाच्या आकड्यावर.

आज कोणी एनसीएए या अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या महिला लॅक्रोस विजेत्यांची यादी उघडली, तर टेंपलचे नाव त्याला १९८४ आणि १९८८ अशा दोनच वर्षी सापडेल, आणि तिसरे विजेतेपद कोठून आले असा प्रश्न त्याला पडेल. त्याचे उत्तर १९८२ मध्ये आहे. त्या वर्षी अमेरिकेत महाविद्यालयीन महिला लॅक्रोसच्या दोन राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. महिलांच्या महाविद्यालयीन खेळांचा कारभार १९७० च्या दशकात एआयएडब्ल्यू ही स्त्रियांनीच चालवलेली संघटना पाहत होती. पुरुषांच्या खेळांवर पकड असलेल्या एनसीएएने १९८० च्या दशकाच्या आरंभी महिलांच्या स्पर्धाही सुरू केल्या आणि पैशाच्या बळापुढे जुनी संघटना टिकली नाही. १९८२ चे एनसीएए विजेतेपद मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडे गेले, तर एआयएडब्ल्यूच्या शेवटच्या अंतिम सामन्यात टेंपलने मेरीलँडला ३-२ असे हरवले. मेरीलँड हा आदल्या वर्षीचा विजेता संघ होता. त्यामुळे हे विजेतेपद दुय्यम ठरवणे मला सरळ अन्याय वाटतो. संघटना बंद पडली म्हणून मैदानावर मिळवलेला विजय पुसला जात नाही.

या तिन्ही अंतिम सामन्यांचे गुणफलक शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. १९८२ मध्ये मेरीलँडविरुद्ध ३-२, १९८४ मध्ये पुन्हा मेरीलँडविरुद्ध ६-४ आणि १९८८ मध्ये पेन स्टेटविरुद्ध १५-७. १९८८ च्या त्या हंगामात टेंपलने खेळलेले सर्वच्या सर्व १९ सामने जिंकले. पहिला विजय एका गोलाने आणि तिसरा आठ गोलांनी, म्हणजे चिवट बचावाच्या जोरावर जसा हा संघ जिंकू शके, तसाच आक्रमणाच्या जोरावरही जिंकू शके. एकाच पद्धतीला धरून बसणाऱ्या प्रशिक्षकाकडून हे साधत नाही.

त्या काळातील महिलांचा खेळ कसा होता हे ठाऊक असल्याखेरीज या यशाचा नीट अंदाज येत नाही. पुरुषांच्या लॅक्रोसमध्ये अंगाला अंग भिडवता येते, म्हणून तिथे हेल्मेट आणि हातमोजे असतात. महिलांच्या खेळात धक्का देण्यास मनाई आहे आणि काठीची जाळी उथळ असते, त्यामुळे चेंडू सतत झुलवत ठेवला नाही तर तो निसटतो. सामना सुरू होताना दोन खेळाडू समोरासमोर उभ्या राहून कमरेच्या उंचीवर काठ्या पाठीला पाठ लावून धरतात, त्यांच्या मध्ये चेंडू असतो आणि शिट्टी होताच दोघी काठ्या वर उचलतात. बाराजणींच्या संघाला तेव्हा मैदानाच्या रेषांची सीमाही नव्हती, आणि पंचाची शिट्टी वाजली की प्रत्येकीने जिथल्या तिथे थांबायचे असा नियम होता. अशा खेळात दांडगाई कामाला येत नाही. पाय कुठे आणि नजर कुठे, हे सरावात पुनःपुन्हा घोटून घ्यावे लागते. त्यासाठी लागणारी शिस्त लावणे हे प्रशिक्षकाचेच काम.

वारसा आणि हक्क यांतला फरक रोझाबेल सिंक्लेअर यांच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होतो. १९२६ मध्ये बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत मुलींचा लॅक्रोस रुजवणाऱ्या सिंक्लेअर १९९२ मध्ये नॅशनल लॅक्रोस हॉल ऑफ फेममध्ये दाखल झालेल्या पहिल्या महिला ठरल्या. त्यांचा हक्क उघडच पेरणीचा आहे, आणि तो योग्यच आहे, कारण खेळ रुजवणाऱ्यांची दखलही ही संस्था घेते. १९९७ मध्ये तिथे दाखल झालेल्या स्लोन ग्रीन यांची गोष्ट वेगळी. त्यांनी पेरणीही केली आणि भरघोस पीकही घेतले. त्यामुळे ‘पहिल्या कृष्णवर्णीय प्रशिक्षक म्हणून सन्मानित’ असे कोणी लिहिले, की २०७ विजयांचा हिशेब त्यात दिसेनासा होतो. उलट केवळ विजेतेपदे मोजली, तर १९९२ मधली गोष्ट कोणत्याच रकान्यात बसत नाही. त्या वर्षी संघाची सूत्रे सोडताना त्यांनी अल्फा अलेक्झांडर, लिंडा ग्रीन आणि टेंपलच्याच तलवारबाजीच्या प्रशिक्षक निक्की फ्रँके यांच्यासह ब्लॅक विमेन इन स्पोर्ट फाउंडेशन स्थापन केले, आणि ज्या मुलींपर्यंत लॅक्रोस, तलवारबाजी, टेनिस, गोल्फ यांसारखे खेळ पोचतच नव्हते, त्यांच्यापर्यंत ते नेण्याचे काम हाती घेतले.