जनुकीय की आनुवंशिक? थायरॉइडच्या रिपोर्टवरचा घोळ

थायरॉइड कॅन्सरच्या रिपोर्टवर ‘बीआरएएफ म्युटेशन पॉझिटिव्ह’, म्हणजे बीआरएएफ या जनुकात बदल आहे, असं छापून आलं, की घरातला पहिला प्रश्न ठरलेला: ‘आते पोरेस्ले बी व्हई का?’ यावलच्या आमच्या एका नानांनी तर काकूंचा रिपोर्ट हाती पडला त्याच संध्याकाळी दोन्ही पोरांना रक्त तपासून घ्यायला जळगावला पाठवायचं ठरवलं. चूक नानांची नाही. जो तो ‘जेनेटिक आहे’ म्हणून मोकळा होतो आणि त्या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. मराठीत त्यांना जनुकीय आणि आनुवंशिक असे दोन सरळ शब्द आहेत. ते वापरायला काय जातं?

आनुवंशिक काय ते सांगायला नको. आजीचं नाक नातीला, तेच. असा बदल अंगातल्या प्रत्येक पेशीत असतो, म्हणून रक्तात सापडतो.

अडतं ते ‘जनुकीय’पाशी. कॅन्सर म्हणजे जनुकांतला बिघाडच, पण बहुतेकदा तो जन्मानंतर एखाद्याच पेशीत होतो. नानांना मी केळीवर आणलं. कंदातच खोट असेल, तर त्याला फुटणाऱ्या पिलांच्या बागेत, पिलबागेत, ती उतरणार. पण एका झाडाच्या एका पानावर पांढरा पट्टा उठला, तर पील ठेवताना त्याची फिकीर कोण करतं? बीआरएएफचा व्ही६००ई हा बदल म्हणजे पानावरचा पट्टा. पॅपिलरी या थायरॉइड कॅन्सरच्या नेहमीच्या प्रकारात साधारण निम्म्या गाठींत तो असतो, पण गाठीतच. पोरांच्या रक्तात तो शोधणं म्हणजे तापीत पैसे सोडणं.

खरी मेख आहे आरईटी या जनुकाची, कारण त्याचं नाव दोन्हीकडे येतं. चेर्नोबिलच्या १९८६च्या अपघातानंतर ज्या मुलांना पॅपिलरी कॅन्सर झाला, त्यांतल्या अनेकांच्या गाठींत आरईटी तुटून दुसऱ्याच जनुकाला जोडलेलं दिसलं. तो बिघाड गाठीपुरता. पण मेड्युलरी नावाचा जो विरळा प्रकार आहे, त्यात साधारण चारांतल्या एका रुग्णात आरईटीमधला बदल जन्मापासूनचा असतो. हा संबंध १९९३मध्ये उलगडला. उरलेल्यांपैकी अनेकांत तो फक्त गाठीतच सापडतो. म्हणजे मेड्युलरीच्या गाठीत आरईटीचा बदल सापडला तरी तो कुठला, हे गाठ सांगत नाही, रक्तच सांगतं.

म्हणून इथे मी नानांपेक्षा जास्त घाई करीन. घरात आधी कुणालाही नसलं तरी प्रत्येक मेड्युलरी रुग्णाचं रक्त तपासायलाच हवं. बदल सापडला, तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी, आणि ज्याची त्याची वेगळी. ‘थोरल्याला आला, धाकटा सुटला’ असा हिशोब इथे चालत नाही. ज्याला आला नाही, त्याची त्या बाबतीतली काळजी मिटली. ज्याला आला, त्याचा थायरॉइड कधीकधी गाठ होण्याआधीच, लहानपणी काढतात. सगळ्यांत आक्रमक बदलात तर वयाच्या पहिल्या वर्षातच. (हाच बदल मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतही गाठ करू शकतो, म्हणून अशा घरातल्या मोठ्या माणसाच्या ऑपरेशनआधी तिथे गाठ नाही ना, हे बघणं टाळू नका. ती लपलेली राहिली तर भुलीत रक्तदाब जीवघेणा भडकतो.)

पॅपिलरीतही घराण्याचा थोडा हात असतोच. आइसलँडच्या संशोधकांनी २००९मध्ये नवव्या आणि चौदाव्या गुणसूत्रावर धोका वाढवणाऱ्या दोन जागा दाखवल्या. पण तिथले बदल कितीतरी धडधाकट लोकांत असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना हा कॅन्सर कधीच होत नाही. थुंकी पाठवून येणाऱ्या रंगीत ‘रिस्क रिपोर्ट’वर मी तरी गळ्याला हात लावू देणार नाही.

नानांना शेवटी रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यातली नमुन्याची ओळ वाचायला लावली. तिथे ‘पॅराफिन ब्लॉक’ होतं, म्हणजे काकूंच्या गाठीचा तुकडा. आणि निदान पॅपिलरी. पोरांची जळगावची खेप रद्द झाली.