पुस्तक सोडायचं, पण माग ठेवून

वाचून झालेलं पुस्तक अनोळखी माणसासाठी कुठंतरी ठेवून द्यायचं आणि ते कुठं पोचलं हे बघत राहायचं, या प्रकाराला ‘बुकक्रॉसिंग’ म्हणतात. एप्रिल २००१मध्ये अमेरिकेत रॉन हॉर्नबेकर यांनी तो सुरू केला. डॉलरच्या नोटांवरचे क्रमांक नोंदवून त्यांचा प्रवास पाहण्याचा खेळ तिथं १९९८पासून चालू होता. तोच त्यांनी पुस्तकांना लावला. पुस्तकावर छापलेला ओळख-क्रमांक, म्हणजे आयएसबीएन, असतो खरा, पण तो आवृत्तीचा, एकेका प्रतीचा नव्हे. बुकक्रॉसिंगच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रतीला स्वतःचा क्रमांक मिळतो. तो आत लिहून प्रत बाकावर किंवा कॅफेत ठेवायची. सापडेल त्यानं, हवं तर नाव न सांगता, संकेतस्थळावर तशी नोंद करायची. बऱ्याच प्रतींची पुढं खबरच येत नाही, तरी माणसं पुस्तकं सोडत राहतात.

पुस्तकं परक्या हाती जाणं गोव्याला नवं नाही. भारतातला पहिला छापखाना १५५६मध्ये जुन्या गोव्यात आला. पुढं १६८४च्या फर्मानानं स्थानिक भाषांवरच बंदी घातली. सोळाव्या शतकातल्या मराठी-कोकणी रचनांची रोमन लिपीत उतरवलेली हस्तलिखितं आज पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत. गोव्यातल्या केळशी गावचे कवी कृष्णदास शामा यांची कृष्णकथा त्यांतच सापडली. तिचा माग काढायला अभ्यासकांना विसावं शतक उजाडावं लागलं. आता पणजीच्या, १८३२मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला याच केळशीकराचं नाव आहे.

सोडलेल्या पुस्तकांची आजच्या गोव्यातली खरी जागा मात्र किनारपट्टीवर आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस हिप्पी आले आणि वजन नको म्हणून पाहुण्यांनी मागं टाकलेल्या कादंबऱ्या गेस्ट हाऊसच्या फळ्यांवर साचू लागल्या. एक ठेवा, एक न्या. हिशेब कोणी ठेवत नाही. हणजुणे, हरमल भागातल्या अशा फळ्यांवर इंग्रजी, जर्मन, रशियन पुस्तकं भेटतात; मराठी क्वचितच. आपली पुस्तकं फिरतात ती शेजारी, नात्यात, गावच्या वाचनालयात, म्हणजे ओळखीतच. परत करायला उशीर झाला तर आठवण करून देणारं कोणीतरी असतं, त्यामुळे क्रमांकाची गरज आपल्याला फारशी भासली नसावी. शिवाय जून ते सप्टेंबर इथं बाकावर पुस्तक सोडणं म्हणजे त्याचा लगदा करणं. ज्यांना हौस आहे त्यांनी प्लास्टिकची पिशवी वापरावी, नाहीतर सरळ छपराखालची जागा शोधावी.