लाइमच्या जंतूवर नेम धरणारं जुनं औषध

लावणीच्या दिवसांत चिखलात उतरणाऱ्या शेतकऱ्यांना सिंधुदुर्गात डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या देतात, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होऊ नये म्हणून. अमेरिकेत गोचीड चावून अंगावर लाल वर्तुळ उठलं, तर लाइम रोगासाठी बहुधा हेच औषध मिळतं. लेप्टो आणि लाइम या दोन्हींचे जंतू पिळदार, स्पायरोकीट गटातले. म्हणून लाइमच्या नव्या औषधांची बातमी आली की मी ती कोकणातला माणूस म्हणून वाचतो.

लाइमचा जंतू, बोरेलिया, विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडीत शोधला. 1982 साली ते प्रसिद्ध झालं. लवकर सुरू केलं तर डॉक्सी बहुतेकांना बरं करतं. पण खाडीत पाग टाकल्यावर हवा तो मासा आणि नको तो, सगळेच अडकतात, तसं हे औषध आतड्यातल्या उपकारक जिवाणूंनाही मारतं. शिवाय काही रुग्णांचा थकवा आणि सांधेदुखी उपचारानंतरही महिनोन्‌महिने राहते. ती का, यावर अजून वाद आहे.

बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात किम लुईस यांच्या गटाने मग मातीतले सूक्ष्मजीव तपासले. बोरेलिया मरावा, पण इतर जिवाणू वाचावेत, अशी त्यांची अट होती. हाती लागलं ते हायग्रोमायसिन ए. स्ट्रेप्टोमायसिस जातीचा एक जिवाणू ते बनवतो. (पहिल्या पावसात लाल मातीचा जो वास सुटतो, तोही मुख्यतः याच जातीच्या जिवाणूंचा!) हे द्रव्य 1953 मध्येच सापडलं होतं, पण नेहमीच्या रोगजंतूंवर फिकं पडलं म्हणून बाजूला राहिलं. बोरेलियावर मात्र ते अगदी थोड्या मात्रेत चालतं. कारण मला फार सुंदर वाटतं: बोरेलियाला डीएनएसाठी लागणारे काही घटक स्वतः बनवता येत नाहीत, ते तो बाहेरून ओढून घेतो, आणि त्याच वाटेने हे औषधही आत घेतो. आत गेल्यावर ते प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडतं. 2021 च्या या संशोधनात उंदरांमधला संसर्ग पूर्ण गेला.

दुसरी वाट आधीच मंजूर असलेली औषधं चाळण्याची. 2025 मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटाला त्यातून पिपरासिलिन हे प्रतिजैविक मिळालं. उंदरांमध्ये ते डॉक्सीच्या शंभराव्या भागाइतक्या मात्रेतही पुरलं. आपल्या रुग्णालयांत ते आजही वापरात आहे.

दोडामार्ग, बांद्याकडचा माकडतापही गोचिडीतूनच येतो, पण तो विषाणूचा; त्याला यातलं कुठलंच औषध लागू नाही. लेप्टोचं तसं नाही, तो जिवाणूचा. फक्त त्या जिवाणूवर, लेप्टोस्पायरावर, नेम धरणारं औषध शोधायला अशीच चाळणी आपल्या प्रयोगशाळांत, आपल्याच मातीतल्या जिवाणूंवर लावायला हवी.