ग्राउंड लूपची घरघर (घरी जुळवलेला ॲम्प्लिफायर)

ॲम्प्लिफायरच्या ग्राउंड वायरीला एकाच बिंदूकडे जायला दोन वाटा मिळाल्या, की तारेचा बंद वेढा तयार होतो; हाच ग्राउंड लूप. ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र किंवा अर्थिंगमधली गळती त्या वेढ्यात 50 हर्ट्झचा प्रवाह खेळवते. तारेच्या रोधावर जेमतेम मिलिव्होल्टभर दाब पडतो, पण तो इनपुटच्या वाटेत आला तर गाण्यासोबत वाढून स्पीकरमधून घरघरतो. सखल, गुळगुळीत हम बहुधा 50 हर्ट्झची असते. कडा असलेली, खरखरीत घरघर 100 हर्ट्झची, म्हणजे ब्रिज रेक्टिफायरकडून (एसीचे डीसी करणारे चार डायोड) आलेली.

पार्ट बदलायच्या आधी दोष पेटीच्या आत आहे की बाहेर, हे ठरवावे. इनपुटच्या सगळ्या वायरी काढून सॉकेटला शॉर्ट केलेली आरसीए पिन (ऑडिओ वायरीची नेहमीची गोल पिन) लावावी (आतला खिळा आणि बाहेरची कडी सोल्डरने जोडलेली). आवाज गेला तर दोष बाहेरचा. राहिला तर व्हॉल्यूम शून्यावर न्यावा. तरीही तेवढाच ऐकू आला, तर तो व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे, म्हणजे पॉवर बोर्डात किंवा सप्लायच्या वायरिंगमध्ये शिरतो आहे. कंट्रोलच्या धातूच्या अंगाला बोट लावल्यावर घरघर कमी होत असेल, तर ते अंग ग्राउंडला जोडलेलेच नाही. हा लूप नव्हे, एका तुकडा वायरीचे काम आहे.

आतला दोष बहुतेक वेळा एकाच जागी सापडतो. टीडीए2030 या ॲम्प्लिफायर आयसीच्या साध्या सेटला 12-0-12 चा ट्रान्सफॉर्मर (मधल्या टॅपच्या दोन्ही बाजूंना 12 व्होल्ट) लावला, की साधारण ±16 व्होल्ट मिळतात. हा सप्लाय सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर सलग चार्ज होत नाहीत. दर अर्ध्या सायकलला थोडाच वेळ, पण 5 अँपिअरच्या घरातले झटके घेतात. 0.5 चौरस मिमी तांब्याच्या 10 सेंमी वायरीचा रोध सुमारे 3.5 मिलिओहम, म्हणजे तेवढ्या वायरीवर 17 मिलिव्होल्ट पडले. इनपुटचे ग्राउंड याच तुकड्यावर जोडले असेल, तर 30 पटीच्या गेनने (आवाज वाढवण्याच्या पटीने) स्पीकरवर अर्धा व्होल्ट येतो. म्हणून ट्रान्सफॉर्मरची मधली टॅप आधी दोन्ही कपॅसिटरच्या जोडबिंदूवर न्यावी. तिथून एक आखूड, जाड वायर स्टार पॉइंटवर, म्हणजे सगळी ग्राउंड जिथे भेटतात त्या एकाच बिंदूवर, आणावी. स्पीकरची परत वायर, डाव्या-उजव्या दोन्ही बोर्डांचे पॉवर ग्राउंड आणि इनपुटचे ग्राउंड या पॉइंटवर वेगवेगळे यावेत. घरघर आली की 4700 मायक्रोफॅरॅड काढून 10000 चा कपॅसिटर टाकायची आपल्याकडे सवय आहे. दोष या वायरिंगचा असेल तर तो तसाच राहतो, उलट चार्जिंगचे झटके आणखी टोकदार होतात.

दुसरी हमखास जागा सॉकेटची. प्लास्टिकचे वॉशर नसले तर आरसीएची बाहेरची कडी पत्र्याला टेकते आणि ग्राउंड दोन ठिकाणी पेटीला जोडले जाते. तपासताना प्लग काढावा, कपॅसिटर 100 ओहम 5 वॅटच्या रेझिस्टरने रिकामे करावेत आणि स्टार पॉइंट ते पेटी ही जोडणी सोडावी. मग कडी ते पेटी मल्टिमीटर लावावा. 0.2 ओहम दाखवले तर सॉकेट टेकलेले आहे. डाव्या-उजव्या चॅनेलच्या शिल्डेड वायरी एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात, म्हणजे त्यांच्यामधला वेढा लहान होतो.

बाहेरचा दोष बहुधा तीन पिनांच्या दोन उपकरणांमुळे येतो. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवला आणि हम थांबली, तर वेढा सापडला. टीव्ही जोडलेला असेल तर केबलची वायरही काढून पाहावी, कारण तिचे ग्राउंड दुसऱ्याच ठिकाणचे असते. पहिला आणि फुकटचा उपाय म्हणजे सगळे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेणे. सोलापूरच्या पूर्व भागात खाली यंत्रमाग आणि वर राहणे अशी घरे आहेत. तिथे मोटरींची गळती त्याच अर्थिंगमधून जात असेल, तर दोन वेगळ्या बोर्डांच्या अर्थ पिनांमध्ये फरक पडतो. तो मल्टिमीटरच्या एसी रेंजवर मोजता येतो. शिवाय काळी माती एप्रिल-मे मध्ये भेगाळून इलेक्ट्रोडपासून सुटते आणि अर्थिंग कमजोर होते. उन्हाळ्यात अर्थपिटात पाणी घालत राहावे.

अर्थची पिन मोडून हम घालवणे हा उपाय नव्हे. ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन फाटले, तर पत्र्याची पेटी 230 व्होल्टवर जाते. पेटी अर्थ पिनेला बोल्टने थेट जोडलेलीच ठेवावी आणि फक्त स्टार पॉइंट ते पेटी या जोडणीत 10 ओहम 5 वॅटचा रेझिस्टर घालावा. त्याला समांतर 0.1 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर आणि 35 अँपिअरचा ब्रिज लावावा. ब्रिजचे प्लस-मायनस एकत्र जोडून दोन एसी टोके वापरावीत. हमचे मिलिव्होल्ट रेझिस्टरवरच अडतात. बिघाडात ब्रिजचे डायोड चालू होऊन फ्यूज उडेपर्यंत प्रवाह वाहून नेतात. तरीही हम राहिली, तर सिग्नलच्या वाटेत 1:1 चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घालावा. स्वस्तातला घेतला तर खर्ज मात्र पातळ होतो.