नेहमीचं पित्त आणि डॉक्टरांकडे न्यायचं पित्त: फरक कसा ओळखायचा

आपल्याकडे पित्त हा शब्द इतक्या गोष्टींसाठी वापरतात की अर्धा घोळ तिथेच होतो. छातीत जळजळलं तरी पित्त, डोकं ठणकून उलटी झाली तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. यातल्या गांधींचा पोटातल्या ॲसिडशी संबंध नसतो, त्या बऱ्याचदा ॲलर्जीच्या असतात, आणि डोकं दुखून दुखून शेवटी उलटी झाल्यावर बरं वाटतं ते खूपदा मायग्रेन असतं. ते दोन्ही आज बाजूला ठेवते. मला लिहायचंय ते छातीतल्या जळजळीबद्दल आणि घशाशी आंबट येण्याबद्दल, कारण त्यातही दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सुरुवातीला त्या अगदी सारख्या वाटतात. एक कधीतरी होणारी साधी ॲसिडिटी आणि दुसरी ॲसिड वारंवार वर येत राहण्याचा आजार, ज्याला डॉक्टर जीईआरडी म्हणतात. पहिलीवर घरचे उपाय चालतात. दुसरी घरच्या उपायांनी फक्त झाकली जाते.

आधी आत काय होतं ते थोडक्यात. पोटातलं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, चांगलंच जहाल, पण पोटाला आतून एक चिकट थर असतो म्हणून ते पोटाला सोसतं. अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांबीची असते आणि तिला तसा थर नसतो. दोघांच्या मधे स्नायूंचं एक गोल कडं असतं, घास खाली गेला की ते आवळून बंद होतं. हे कडं अधूनमधून सैल पडणं अगदी नॉर्मल आहे, तब्येत ठणठणीत असलेल्या माणसालाही जेवणानंतर थोडंफार ॲसिड वर येतंच, लाळेने आणि अन्ननलिकेच्या हालचालीने ते परत खाली जातं. हे कधीतरी आणि थोडा वेळ होतं तोवर नळीचं काही बिघडत नाही. रोज व्हायला लागलं की मात्र नळी आतून सोलवटते, मग भरून येते, मग परत सोलवटते.

साध्या ॲसिडिटीला जवळजवळ नेहमी कारण सापडतं, आणि मला हा फरक सगळ्यात उपयोगी वाटतो. लग्नातलं जेवण, तर्री ओतून घेतलेली मिसळ, रिकाम्या पोटी तीन वेळा चहा, रात्रीचं जागरण. संकष्टीचं तर घरोघरी दिसतं, दिवसभर उपास, मधे साबुदाण्याची खिचडी आणि चहा, मग चंद्रोदय रात्री नऊ-साडेनऊचा, त्यानंतर मोदक आणि तुपासकट पोटभर जेवण आणि लगेच अंथरुणावर, मग रात्री बारा वाजता छातीत आग. पण दुसऱ्या दिवशी साधं जेवलं की माणूस मोकळा होतो. कारण गेलं, त्रास गेला. वर्षातून आठ-दहा वेळा असं झालं तर घाबरण्यासारखं काही नाही, थंड दूध घ्या, एखादी जेलुसिल किंवा डायजीन घ्या, झालं.

दुसऱ्या प्रकारात हळूहळू कारणच सापडेनासं होतं. वरण-भात खाल्ला तरी जळजळ, काही नाही खाल्लं तरी जळजळ, वाकून चपलेचा बंद लावला तरी आंबट पाणी घशात. इथे कडंच ढिलं झालेलं असतं, किंवा पोटाचा वरचा भाग छातीच्या पडद्यातून थोडा वर सरकलेला असतो, त्याला हायटस हर्निया म्हणतात. पोटाचा घेर वाढलेला असेल तर आतला दाब वाढून ॲसिड वर ढकललं जातं. तंबाखू आणि सिगारेट यांनीही कडं सैल पडतं. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी सुद्धा हे होतं, अमलोडिपिन त्यातलीच एक, पण म्हणून ती स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं.

मग मोजायचं कसं? २००६ साली वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी बसून याची व्याख्या ठरवली, तिचा साधा अर्थ असा की हलका त्रास आठवड्यातून दोन किंवा जास्त दिवस होत असेल, किंवा चांगला जाणवणारा त्रास आठवड्यातून एकदा जरी होत असेल, तर त्याला साधी ॲसिडिटी म्हणून सोडून देऊ नका. असं काही आठवडे चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा. बघा, यात किती जोरात जळजळतं याच्याइतकंच किती वेळा जळजळतं हे बघितलंय. लोक उलट करतात, खूप दुखलं की पळतात आणि थोडंथोडं रोज दुखलं की सहन करतात. आणि जळजळीच्या जोरावरून आतल्या जखमेचा अंदाज लागत नाही. एकाला भयंकर आग होते आणि एंडोस्कोपीत, म्हणजे घशातून कॅमेरा आत घालून केलेल्या तपासणीत, अन्ननलिका स्वच्छ निघते, दुसऱ्याला आधी व्हायची तेवढी जळजळ आता होत नाही आणि आत नळीचं अस्तर बदललेलं असतं, ज्याला बॅरेट्स म्हणतात. त्या बदललेल्या अस्तराला ॲसिड कमी टोचतं म्हणून माणसाला वाटतं आपलं पित्त गेलं. बॅरेट्स झालेल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही हेही लगेच सांगते, पण त्याच्यावर नजर ठेवावी लागते आणि नजर ठेवायला आधी ते कळावं लागतं.

हे सगळं मी एवढं तळमळीने लिहितेय ते माझ्या मामांमुळे. मामा सोलापूरचे, आयुष्यभर ज्वारीची भाकरी, त्यातही कडक भाकरी जीव की प्राण. शर्टाच्या खिशात चष्म्याशेजारी गोळ्यांची स्ट्रिप कायम. पित्ताचा त्रास वीस वर्षं जुना, म्हणून घरात कुणाला त्यात नवीन काही दिसलंच नाही. नंतर ते भाकरी आमटीत कुस्करून, चांगली भिजवून खायला लागले. मग प्रत्येक घासाबरोबर पाणी. मग भात-आमटीच. आम्ही म्हणायचो वय झालं, दात राहिले नाहीत, पचायला हलकं खातात ते बरंच आहे. मामांनी स्वतःही एवढंच सांगितलं की भाकरी आता बसत नाही. बसत नाही म्हणजे घशाखाली उतरत नाही, छातीत अडकते, हे आम्हाला कळलंच नाही.

घास अडकणं हे एकच लक्षण लक्षात राहिलं तरी पुरे असं मला वाटतं. साध्या पित्तात घास अडकत नाही. आधी भाकरी, मटण, सफरचंद असं घट्ट अडकतं, मग मऊ अन्न, मग पातळसुद्धा, असं होत जात असेल तर नळी कुठेतरी अरुंद होतेय. वर्षानुवर्षांच्या ॲसिडच्या जखमा भरताना नळी आवळत जाते, त्याने असं होतं, किंवा तिथे गाठ असू शकते. आपल्याकडे अन्ननलिकेच्या कॅन्सरमागे तंबाखूचा मोठा हात आहे, त्यामुळे मिश्री लावणाऱ्या आजीला किंवा गुटखा खाणाऱ्या भावाला घास अडकायला लागला तर एक दिवसही घरगुती औषध करू नका. आणि माणूस हे सांगत नाही, तो खाणं बदलतो. त्याच्या ताटाकडे बघा.

बाकीची धोक्याची लक्षणं पटकन सांगते. डाएट न करता वजन उतरणं, कपडे सैल होणं. गिळताना दुखणं. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही येणं. शी डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची होणं, ते बऱ्याचदा वरून रक्त वाहत असल्याने होतं. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यानेही काळी होते, पण ते ठरवायचं काम डॉक्टरांवर सोडा. हिमोग्लोबिन उगाच कमी येणं. उलट्या थांबतच नसणं. पन्नाशी-साठीत आयुष्यात पहिल्यांदाच ॲसिडिटी सुरू होणं. यातलं एकही असेल तर आठवड्याचे दिवस मोजत बसू नका, आणि रक्त दिसलं किंवा शी काळी झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल. गुडघ्यासाठी किंवा कंबरेसाठी रोज डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या घेणाऱ्यांनी तर जास्तच जपायचं, त्या गोळ्यांनी अल्सर म्हणजे पोटात आतून जखम होते आणि ती कधीकधी न दुखता वाहते.

आता ॲसिड कमी करणारी ती गोळी. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल ही चांगली औषधं आहेत, माझा त्यांना विरोध नाही, नीट घेतली तर सोलवटलेली नळी बरी होते. धोक्याचं काही लक्षण नसेल तर डॉक्टर साधारण आठ आठवडे देऊन बघतात, आणि ती नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते, जेवल्यावर जळजळलं म्हणून नाही. पण आपण काय करतो, मेडिकलमधून स्ट्रिप आणतो आणि वर्षानुवर्षं घेतो. अमेरिकेत ओमेप्राझोल चिठ्ठीशिवाय मिळतं तर त्याच्या पाकिटावर लिहिलेलं असतं की १४ दिवसांचा एक कोर्स, आणि चार महिन्यांच्या आत दुसरा घ्यायचा नाही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय. गोळीच्या नावापुढे डी असेल तर बहुतेक वेळा त्यात डॉम्पेरिडोन असतं, ते हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, हार्टचा त्रास असलेल्यांनी ते स्वतःच्या मनाने घेऊच नये. खूप महिने गोळी घेऊन अचानक सोडली की काही आठवडे ॲसिड उसळू शकतं, मग वाटतं आजार परत आला आणि परत स्ट्रिप सुरू. सोडायची तर डॉक्टरांना विचारून, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांबरोबर दिलेली असेल तर अजिबात मनाने सोडायची नाही. मुख्य म्हणजे गोळीने बरं वाटलं याचा अर्थ आत काही नाही असा होत नाही, अल्सर किंवा गाठ असली तरी जळजळ कमी होऊ शकते. ईनोमध्ये सोडियम बरंच असतं, बीपी आणि किडनीवाल्यांनी रोज घेऊ नये.

एक सवय मात्र मनापासून सांगते की सोडा, पित्त काढणं. सकाळी मिठाचं पाणी पिऊन घशात बोटं घालून उलटी काढायची, पिवळं पडलं की पित्त पडलं म्हणून समाधान. जे आंबट लागतं ते ॲसिड, ते बिनरंगी असतं. पिवळं-हिरवं कडू जे पडतं ते लिव्हरमधून येणारं खरं पित्त, उलटी ताणून काढली की कुणाचंही पडेल. या सगळ्यात ज्या नळीला ॲसिडपासून जपायचं तिच्यावरूनच ॲसिड वर ओढलं जातं, दातांचं वरचं कवच झिजतं आणि जोर जास्त लागला तर नळीच्या टोकाला चीर जाऊन रक्त येतं.

याउलट एक जुनी सवय खरंच कामाची आहे, डाव्या कुशीवर झोपणं. पोट डावीकडे असल्याने डाव्या कुशीवर ॲसिड खालच्या बाजूला साठतं आणि नळीचं तोंड वर राहतं. आपल्याकडे दुपारच्या लवंडण्याला वामकुक्षी म्हणतात, वाम म्हणजे डावी. रात्री मात्र जेवण आणि झोप यात तीन तास ठेवा, आणि दोन उशा घेण्यापेक्षा पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू सहा-आठ इंच वर करा, उशांनी फक्त मान वाकते आणि पोट दाबलं जातं. रात्री झोपेतून उठवणारी जळजळ, पहाटेचा कोरडा खोकला, सकाळी बसलेला आवाज हे महिनोन् महिने असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं, लोक कानानाकाच्या डॉक्टरांकडे फेऱ्या मारतात आणि मूळ कधीकधी पोटात असतं.

आणि जी गल्लत जिवावर बेतते ती हार्टची. पित्ताची जळजळ बहुधा जेवणानंतर, वाकल्यावर, आडवं झाल्यावर वाढते आणि खालून वर घशाकडे चढते. हार्टचं दुखणं जिना चढताना, भरभर चालताना येतं, छातीवर वजन ठेवल्यासारखं वाटतं, डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जातं, दरदरून घाम सुटतो, दम लागतो. पण हे इतकं स्पष्ट नेहमी नसतं, डायबिटीस असलेल्यांना आणि बायकांना नुसतं मळमळल्यासारखं, पोटाच्या वर जड वाटू शकतं, आणि ढेकर आल्याने बरं वाटलं म्हणजे पित्तच होतं असंही नाही. घाम आणि दम बरोबर असेल तर सोडा-पाणी देऊन वाट बघू नका, १०८ ला फोन करा, ईसीजी नॉर्मल आला तर उत्तमच.

एंडोस्कोपीला लोक फार घाबरतात. सहा-आठ तास उपाशी राहायचं, घशात बधिर करायचा स्प्रे मारतात किंवा झोपेचं इंजेक्शन देतात, आणि तपासणी काही मिनिटांची असते. प्रत्येकाला ती लागतही नाही. आणि ती नॉर्मल आली तरी त्रास खोटा ठरत नाही, ॲसिड वर येण्याचा त्रास असलेल्या बऱ्याच जणांची नळी दिसायला चांगलीच असते, गरज वाटली तर नाकातून बारीक नळी घालून २४ तास ॲसिड मोजतात.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या, साध्या वहीत, किती दिवस त्रास झाला, दिवसा की रात्री, कुठल्या गोळ्या घेतल्या, घास अडकला का आणि कशाचा, वजन किती होतं आणि किती आहे. मामांच्या वेळी आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. त्यांची नळी खालच्या टोकाला आवळली होती, तुकडा तपासायला पाठवला त्यात सुदैवाने कॅन्सर निघाला नाही, फुग्याने दोनदा रुंद करावी लागली, आता भाकरी खातात, कडक नाही पण खातात. डॉक्टरांनी विचारलं होतं, घास कधीपासून अडकतोय. मामा गप्प, आम्ही सगळे एकमेकांकडे बघतोय. मग मामी म्हणाल्या, हुरड्याला शेतावर गेलो होतो तेव्हा यांनी नुसतं ताक पिलं होतं. तेव्हा पौष होता आणि आम्ही डॉक्टरांसमोर बसलो होतो ते दिवाळीनंतर.